जुना मिनी ट्रॅक्टर घेताय? आधी त्याच्या कामाचे दिवस मोजा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या मिनी ट्रॅक्टरची तपासणी पाहिली. पण व्हिडिओत हिशोब नीट मांडायला वेळ पुरत नाही, म्हणून तो भाग इथे सविस्तर लिहितो आहे. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

ट्रेनिंगमध्ये या विषयावर एकच प्रश्न सगळ्यात जास्त येतो: "सर, जुना मिनी ट्रॅक्टर स्वस्तात भेटून रायला, दुरुस्त करून भाड्यानं लावू का?" आता याचं उत्तर ट्रॅक्टर पाहून देता येत नाही. मी उलट विचारतो, "वर्षातून किती दिवस तो कामावर जाईल?" इथे बहुतेक जण गप्प होतात.

आजचा धडा एवढाच आहे. जुनं मशीन स्वस्त असतं ते खरेदीच्या दिवशी. पुढे ते स्वस्त पडेल की महाग, हे त्याच्या कामाचे दिवस ठरवतात. आणि कामाचे दिवस वाढतात ते त्या मशीनला आपण काय काय जोडू शकतो त्यावर.

अमेरिकेत बर्फ, आपल्याकडे डवरन

अमेरिकेत घराच्या आवारात चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरची मोठी परंपरा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये 'कब कॅडेट' आणला, जॉन डिअरने १९६३ मध्ये '११०' हे मॉडेल आणलं. यातली साठ वर्षं जुनी मशीनं लोक अजून शोधून आणतात, खोलतात, रंगवतात आणि कामाला लावतात. यात हौस तर आहेच, पण व्यवहारही आहे. उन्हाळ्यात खाली गवत कापायचं पातं लावायचं, हिवाळ्यात तेच काढून पुढे बर्फ ढकलायचा पत्रा किंवा बर्फ उडवायचं यंत्र लावायचं. इंजिन एक, सिझन दोन. म्हणून ते मशीन शेडमध्ये पडून राहत नाही.

आपल्या बडनेऱ्यात बर्फ फक्त रसवंतीवर दिसतो. पण विचार तोच लागू आहे. आपले सिझन म्हणजे वखरणी, डवरन, फवारणी, बगिच्यातलं गवत, हरभऱ्याची पेरणी, शेणखताची वाहतूक. बैलजोडी ठेवणारी घरं कमी झाली. डवरनीच्या आठवड्यात सगळ्यांना एकदम बैल हवे असतात आणि मिळत नाहीत. मोठा ट्रॅक्टर उभ्या पिकात आणि बगिच्यात घुसत नाही. या मधल्या जागेत मिनी ट्रॅक्टरचा धंदा आहे.

गुजरातचं उदाहरण लक्षात ठेवा. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे अवजार जोडायची सोय केली. त्याला 'बुलेट सांती' म्हणतात. सांती म्हणजे तिकडचं आंतरमशागतीचं अवजार. या कल्पनेला भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळालं. आपल्याला त्यातून घ्यायची गोष्ट अशी की त्यांनी आधी गावातलं अडलेलं काम पाहिलं आणि मग त्याला लागेल तसं मशीन बनवलं.

कोणत्या मशीनबद्दल बोलतोय

आपल्या भागात जुन्यात साधारण असे पर्याय दिसतात: व्हीएसटीचा 'मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी', जो १८.५ हॉर्सपॉवरचा आहे. महिंद्राचा 'युवराज २१५' आणि स्वराजचा '७१७', हे दोन्ही १५ हॉर्सपॉवरचे, एका सिलिंडरचे. राजकोटचे 'कॅप्टन'सारखे ट्रॅक्टर. आणि हाताने धरून चालवायचे पॉवर टिलर.

त्याहून जुना, आजोबांच्या काळचा एचएमटी किंवा आयशर गोठ्यात उभा असेल तर तो मिनी नाही, पण २५ हॉर्सपॉवरच्या आसपासचा असेल तर कामाचा आहे. आयशरचा ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला सुरू झाला. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. म्हणजे अशा मशीनला कंपनीचं शोरूम मागे नाही. सौदा करण्याआधी स्पेअरच्या दुकानात जाऊन पाच वस्तूंची चौकशी करा: लायनर-पिस्टनचा सेट, क्लच प्लेट, हायड्रॉलिक पंप, नोझल आणि किंगपिन. पाचही आठ दिवसांत मिळत असतील तरच पुढे जा. डवरनीच्या दिवसांत ट्रॅक्टर स्पेअरसाठी पंधरा दिवस उभा राहिला, तर अर्धा सिझन गेला समजा.

आपल्या भागाचं कामाचं कॅलेंडर

बडनेऱ्यात बसून धंदा करायचा तर आजूबाजूचे तीन पट्टे वेगळे ओळखा.

पहिला, नांदगाव खंडेश्वरची बाजू. सोयाबीन, तूर, कपाशी. इथे काम वखरणी, डवरन, आणि सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर.

दुसरा, भातकुली-दर्यापूरचा खारपाणपट्टा. भारी काळी माती. पाऊस पडून गेला की चार-पाच दिवस आत पाय ठेवता येत नाही. हलका ट्रॅक्टरसुद्धा फसतो. इथे कागदावर ३० दिवस दिसले तरी हाती १५-१८ च लागतात, असं धरूनच हिशोब करा.

तिसरा, चांदूर बाजार, मोर्शी, वरूडचा संत्रा पट्टा. इथे झाडं साधारण ६ बाय ६ मीटरवर असतात, पण फांद्या खाली आलेल्या असतात. मोठा ट्रॅक्टर घातला तर फांद्या मोडतात आणि फळं झडतात. इथे मिनीला खरी किंमत आहे, पण बडनेऱ्याहून ते लांब आहे. रोज जाऊन-येऊन परवडत नाही. एका गावात आठ-दहा बगिच्यांची कामं एकत्र धरली आणि तिथेच मशीन ठेवलं तर जमतं.

आता महिने मांडू. हा नमुना आहे, तुमच्या गावाचे आकडे तुम्ही भरायचे.

- जून-जुलै: पेरणीपूर्व वखरणी, नंतर डवरन, नव्या झाडांचे खड्डे – २५ दिवस
- ऑगस्ट-सप्टेंबर: बगिच्यातलं गवत, फवारणी – २५ दिवस
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: हरभऱ्याआधी रोटाव्हेटर – २० दिवस
- डिसेंबर-जानेवारी: फवारणी, छोटी वाहतूक – १५ दिवस
- फेब्रुवारी ते मे: शेणखत, बगिचा सफाई, उन्हाळी मशागत – २५ दिवस

एकूण ११० दिवस. आता यातून फवारणी, गवत कापणी आणि ट्रॉली काढून टाका. फक्त डवरा आणि रोटाव्हेटर ठेवा. ४५ दिवसही नीट उरत नाहीत. हा ११० आणि ४५ मधला फरक डोक्यात ठेवा, खाली हिशोबात तो पुन्हा येणार आहे.

मशीन पाहायला जाताना

सकाळी लवकर जा आणि आधी कळवू नका की अमक्या वेळेला येतो. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनला हात लावून पाहायचं. गरम असेल तर मालकाने तुमच्या आधी चालू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं उठतं तेच तर आपल्याला पाहायचं असतं.

चालू झाल्यावर धूर पाहा. निळसर धूर राहत असेल तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे रिंग-लायनरचं काम निघणार. लोड देताना काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. नोझल, पंप किंवा नुसता एअर फिल्टरही असू शकतो. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ चालतो, पण इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पुढे तपासा. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं की त्यात पाणी शिरलंय. ऑइल भरायचं झाकण उघडून पाहा. तिथून जोरात धूर फेकत असेल तर बोअर झिजला आहे, मालक काहीही सांगो.

मग हायड्रॉलिक. मागे अवजार लावायला सांगा, वर उचला आणि तसंच ठेवा. लिफ्ट धक्के देत उचलते का, किती लवकर खाली बसते, हे पाहा. पीटीओ जोडा, आवाज ऐका. स्टिअरिंग किती मोकळं फिरतं, पुढची चाकं हाताने हलवल्यावर किती डुलतात, दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, गिअर लोडवर निसटतो का, हे सगळं लिहून घ्या.

आपल्यासोबत ओळखीचा मिस्त्री न्या, पण त्याला त्याची फी आधीच द्या. सौदा झाला तरच पैसे मिळणार असतील तर त्याला प्रत्येक ट्रॅक्टर चांगलाच दिसणार.

कागद: इथे घाई करणाऱ्याचे पैसे अडकतात

ट्रेनिंगला येणारी पोरं इंजिन बारकाईने पाहतात आणि आरसी बुक मात्र वरवर. उलटं करा. बिघडलेलं इंजिन पैसे घालून नीट होतं. अडकलेला कागद कधीकधी होतच नाही.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः पुसून वाचा, आरसीवरच्या नंबरशी जुळवा. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का ते पाहा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने एकाच राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. दुसऱ्या राज्यातून आणत असाल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. आपल्याकडे अमरावतीचा पासिंग नंबर एमएच २७, अकोल्याचा एमएच ३०. मध्य प्रदेशची सीमा जवळ असल्याने तिकडची मशीनं बरीच स्वस्त सांगितली जातात. त्यात हा एनओसीचा खर्च आणि वेळ धरा.

शेतीचा ट्रॅक्टर १५ वर्षांसाठी नोंदलेला असतो, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १४ वर्षांचा ट्रॅक्टर 'कागद क्लिअर' म्हणून घेतला तर पुढच्याच वर्षी तो खर्च तुमच्या अंगावर येतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तीही विचारा. आणि शेतीच्या विम्यावर दुसऱ्याची रेती-विटा वाहिल्या आणि अपघात झाला, तर विमा कंपनीकडून दावा नाकारला जाण्याची पाळी येते. भाड्याची वाहतूक करायची असेल तर विमा आणि नोंदणी दोन्हीबद्दल आधी विचारून घ्या.

दुरुस्ती: पैसा कोणत्या क्रमाने घालायचा

क्रम असा ठेवा: थांबणं, वळणं, उचलणं, ओढणं, दिसणं.

आधी ब्रेक आणि स्टिअरिंग. मग हायड्रॉलिक आणि पीटीओ, कारण आपली कमाई तिथून येते. त्यानंतर इंजिन आणि क्लच. मग टायर. रंग सगळ्यात शेवटी.

इंजिनचं काम करताना मिस्त्री विचारेल, "हाफ करू का फुल?" हाफ म्हणजे रिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह बसवणं. फुल म्हणजे लायनर-पिस्टन, क्रँक, बेअरिंग सगळं. लेथवाल्याकडून लायनर आणि क्रँकचं माप काढून घ्या आणि ते कागदावर लिहून मागा. माप चालण्यासारखं असेल तर फुल करण्याची गरज नाही. माप गेलेलं असताना हाफ केलं, तर तोच खर्च वर्षभरात दुसऱ्यांदा होतो. डिझेल पंप आणि नोझल पंपवाल्याकडे पाठवा, गावात खोलू नका.

जुने पार्ट काढले की ते पोत्यात भरून परत घ्या. काय बदललं, काय नाही, हे कळतं, आणि पुढे ट्रॅक्टर विकताना गिऱ्हाईकाला दाखवता येतं.

बदल: आपल्या कामासाठी मशीन कसं तयार करायचं

१) चाकांमधलं अंतर. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरमध्ये मागची रिम उलटी बसवून अंतर कमी-जास्त करता येतं. कपाशी ३ किंवा ४ फुटांवर असेल तर डवरनीला अरुंद टायर आणि तासांना जुळणारं अंतर लागतं. सोयाबीन साधारण ४५ सेंटिमीटरवर असतं. तिथे उभ्या पिकात ट्रॅक्टर चालत नाही. पण शेतकऱ्याने पट्टापेर केली असेल, म्हणजे ठरावीक तासांनंतर एक तास रिकामं सोडलं असेल, तर चाक त्या रिकाम्या तासातून जातं. म्हणून गिऱ्हाईक पेरणीच्या आधी पकडायचं. "दादा, यंदा पट्टापेर करा, डवरन आणि फवारणी दोन्ही मी करून देतो," असं मे महिन्यात बोललात तर जुलैचं काम पक्कं.

एक सावधगिरी: अंतर जितकं कमी, तितकी उलटण्याची भीती जास्त. बांधावरून, उतारावर किंवा ट्रॉली लावताना चाकं पुन्हा रुंद करा.

२) सायलेन्सर आणि उंची. बगिच्यासाठी वर जाणारा सायलेन्सर काढून बाजूने खाली न्या. उभा सायलेन्सर फांदीत अडकतो आणि त्याची झळ पानांना-फळांना लागते. बाजूला नेताना त्याचं तोंड ड्रायव्हरकडे आणि डिझेलच्या नळीकडे राहणार नाही हे पाहा. दिवे, आरसे, बॉनेटची टोकं, जिथे फांदी अडकेल ते सगळं आत घ्या किंवा गोल पाइपचं गार्ड लावा.

३) रोटाव्हेटरची खोली. संत्र्याची अन्न घेणारी मुळं जमिनीच्या वरच्या थरातच असतात. रोटाव्हेटर खोल गेला की ती तुटतात, आणि तुटलेल्या मुळांतून डिंक्यासारखा रोग शिरायला वाट मिळते. काही ड्रायव्हर खोल चालवून "बघा कसं भुसभुशीत केलं" असं दाखवतात. शेतकरीही तेव्हा खूश होतो, पुढच्या वर्षी झाड पिवळं पडल्यावर तुम्हाला बोलावत नाही. खोलीचे स्किड वर-खाली करून वरचा थरच हलेल असं लावा. त्याहून चांगलं म्हणजे गवत कापायचं यंत्र. मुळांना हात न लावता गवत खाली बसतं, आणि पावसाळ्यात तेच काम दोन-तीनदा मिळतं.

४) फवारणीचा संच. पीटीओवर चालणारा पंप आणि २००-३०० लिटरची टाकी मिनीवर बसते. भरलेल्या टाकीचं वजन मागे आलं की पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग लागत नाही. पुढे वजनं लावलीच पाहिजेत.

५) जे करायचं नाही. पराटीची कुट्टी करणारं श्रेडर मोठ्या ट्रॅक्टरचं काम आहे, १५ हॉर्सपॉवरला ते लावू नका, क्लच जाईल. गव्हर्नरचं सील तोडून इंजिन जास्त फिरवू नका. पुढचा अॅक्सल कापून वेल्डिंग करू नका. एका कंपनीच्या चेसिसवर दुसरं इंजिन बसवणं म्हणजे आरसीवरच्या नोंदी बदलणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय ते चालत नाही.

आणि सुरक्षेचं एक सांगतोच. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. गळ्यातला दुपट्टा त्यात अडकला तर "बंद कर" म्हणायलाही वेळ मिळत नाही. पीटीओच्या शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर नसेल तर त्या दिवशी काम बंद. फसलेलं काही ओढायचं असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा. वर बांधली तर ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो.

आता हिशोब

समजा असा सौदा आहे. आकडे शिकवण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाकून पुन्हा करा.

मशीन खरेदी १,१०,००० रुपये
इंजिन काम २८,०००
क्लच, ब्रेक, हायड्रॉलिक १४,०००
टायर २२,०००
बॅटरी, सेल्फ, वायरिंग ९,०००
सायलेन्सर, सीट, पत्रा, रंग ७,०००
कागदपत्रं आणि विमा १०,०००

इथपर्यंत २,००,०००. अवजारं, म्हणजे डवरा, जुना ३ फुटी रोटाव्हेटर आणि फवारणीचा संच, मिळून १,००,०००. एकूण गुंतवणूक ३,००,०००.

ताशी भाडं ५०० रुपये धरू. त्यातून डिझेल १९०, ड्रायव्हर १००, ऑइल-फिल्टर-दुरुस्ती ४०. हाती उरतात ताशी १७०.

वर्षाचा बांधील खर्च, म्हणजे मशीन उभं असलं तरी लागणारा:

विमा आणि कागद ८,०००
२ लाख कर्जावर १२ टक्क्यांनी व्याज २४,०००
घसारा ३०,००० (५ वर्षांनी सगळं मिळून दीड लाखाला विकलं जाईल असं धरून)

बेरीज ६२,०००.

६२,००० भागिले १७० म्हणजे साधारण ३६५ तास. दिवसाला ५ तास खरं काम धरलं तर ७३ दिवस. हा तुमचा जादुई आकडा आहे. पहिले ७३ दिवस तुम्ही बँकेसाठी, विम्यासाठी आणि झिजेसाठी काम करता. ७४ व्या दिवसापासून स्वतःसाठी.

आता वरचं कॅलेंडर आठवा. ४५ दिवस काम मिळालं तर २२५ तास, ३८,२५० रुपये उरले, त्यातून ६२,००० गेले. तोटा २३,७५०. ११० दिवस मिळालं तर ५५० तास, ९३,५०० उरले, ६२,००० गेले, फायदा ३१,५००. ट्रॅक्टर तोच, ड्रायव्हर तोच, भावही तोच.

स्वतः चालवलंत तर ड्रायव्हरचे ५५,००० घरात राहतात आणि हातात ८६,५०० येतात. पण त्यातले ५५,००० ही तुमची मजुरी आहे, धंद्याचा फायदा नाही. दोन आकडे वहीत वेगळे लिहा. नाहीतर धंदा चालतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात तुम्ही स्वतःकडेच नोकरी करत असता.

उधारी हा वेगळा खर्च आहे

आपल्या भागात वाक्य ठरलेलं आहे: "भाऊ, कापूस निघाला की देतो." देतातही. पण जुलैचे पैसे डिसेंबरात येतात आणि डिझेल पंपवाला तेवढं थांबत नाही. वरच्या हिशोबात वर्षाची उलाढाल २,७५,००० आहे. त्यातली २० टक्के उधारी थकली तर ५५,००० अडकले, म्हणजे वर्षाच्या फायद्यापेक्षा जास्त.

उपाय भांडणाचा नको. काम सुरू करण्याआधी डिझेलचे पैसे रोख, बाकीचं काम संपल्यावर, असा नियम ठेवा आणि काका असो की मावसभाऊ, सगळ्यांना सारखा लावा. तासांची नोंद दोघांनी सही करून ठेवा. रोख देणाऱ्याला ताशी २० रुपये कमी करा, ते व्याजापेक्षा स्वस्त पडतं. ज्याची मागची बाकी आहे त्याचा नंबर यादीत शेवटी.

तीन धंदे आहेत, एक निवडा

पहिला, भाड्याचा. त्याचा हिशोब वर झाला. शेतीसाठी कृषी यंत्र भाड्याने देण्याच्या सेवेला जीएसटीची सूट आहे, ही जमेची बाजू. माल वाहतुकीचं काम घ्याल तर ते वेगळं, सीएला विचारा.

दुसरा, दुरुस्त करून विकण्याचा. इथे एक बदल लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. कराआधी ४ लाखांचा ट्रॅक्टर पूर्वी ४,४८,००० ला पडायचा, आता ४,२०,००० ला. नवा स्वस्त झाला की जुन्याची किंमतही खाली यायला हवी. कोणी जुन्या हिशोबाने भाव सांगत असेल तर हा २८,००० चा फरक त्याच्यासमोर मांडा. आणि तुमचा माल विकताना गिऱ्हाईकही तुमच्यासमोर मांडेल, याची तयारी ठेवा.

तिसरा, बदल करून देण्याचा. ट्रॅक्टर शेतकऱ्याचा. तुम्ही सायलेन्सर खाली घेऊन देता, गार्ड बसवता, रिम बदलता, डवऱ्याचे फण त्याच्या तासांना जुळवून देता. वेल्डिंग मशीन, ड्रिल, ग्राइंडर आणि थोडी जागा एवढ्यात सुरू होतं. आयटीआय झालेल्या मुलांना मी हाच पर्याय आधी सुचवतो. भांडवल कमी अडकतं, पैसे रोख मिळतात, आणि वर्षभरात कोणतं मशीन किती झिजतं हे हातांना कळतं. मग भाड्याचा ट्रॅक्टर घ्यायचा का, हे तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात. अवजार बँकेची आणि महाडीबीटीवरची अनुदानं नव्या यंत्रांसाठी असतात, त्या भरवशावर जुनं मशीन घेऊ नका. वर्कशॉपसाठी मात्र मुद्रा कर्ज मागता येतं, त्यात ५०,००० पर्यंत 'शिशु' आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर' गट आहे. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

गृहपाठ

१. तुमच्या गावापासून १० किलोमीटरमधल्या २० शेतकऱ्यांना भेटा. "ट्रॅक्टर लागेल का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मागच्या वर्षी डवरन, फवारणी आणि बगिच्याच्या गवतावर किती पैसे दिले, कोणाला दिले, कधी दिले?" असं विचारा.

२. बारा महिन्यांचं कॅलेंडर भरा. पावसाचे आणि ओल्या जमिनीचे दिवस वजा करा. जो आकडा येईल त्यातून आणखी एक चतुर्थांश कमी करा.

३. तुमचे भाव टाकून तुमचा '७३' काढा. कॅलेंडरचा आकडा त्याच्यापेक्षा कमी असेल तर अवजार वाढवून दिवस वाढतात का पाहा. तरीही वाढत नसतील तर ट्रॅक्टर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. दुसरा मिळेल.

४. शक्य असेल तर पाच शेतकऱ्यांकडून पुढच्या सिझनच्या कामाचे प्रत्येकी ५०० रुपये बयाणा घ्या. बयाणा देणारा हा गिऱ्हाईक. नुसतं "घे ना भाऊ, आम्ही आहोत" म्हणणारा हा शुभेच्छुक.

आपापले आकडे व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातले काही हिशोब घेऊन आपण फळ्यावर सोडवू, आणि फवारणीचा संच जुना घ्यावा की नवा, तेही पाहू. तोपर्यंत टोकन देऊ नका, आधी वही भरा.